नकाशावर नसलेले शहर, नकाशावर राहिलेले गाव

नकाशा खोटे बोलत नाही, हे वाक्य मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवताना कितीतरी वेळा उच्चारले आहे. बी.एड.ला असताना नकाशावाचनाचे जे सराव-पाठ घ्यावे लागत, त्यातही आम्ही मुलांच्या मनावर हेच ठसवायचे असे. रशियातील ओझ्योर्स्क या शहराविषयी वाचू लागले तेव्हा हे वाक्य मला मागे घ्यावे लागले. रुंद रस्ते, नाट्यगृह, शाळा, रुग्णालये आणि सरोवराकाठची उद्याने असलेले, ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचे हे शहर चाळीसहून अधिक वर्षे सोव्हिएत संघाच्या कोणत्याही छापील नकाशावर नव्हते. त्याला स्वतःचे नावही नव्हते. होता तो टपालाचा एक आकडा : चेल्याबिन्स्क-४०, आणि १९६६ नंतर चेल्याबिन्स्क-६५. तिथे राहणारे आपल्या शहराला लाडाने 'सोरोकोव्का' म्हणजे 'चाळिशी' म्हणत. 'ओझ्योर्स्क' हे नाव अधिकृतपणे मिळाले ते १९९४ मध्ये.

या शहराविषयी इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. मराठीत मात्र माझ्या वाचनात फारसे आले नाही. मी त्याकडे वळले ते एका वेगळ्या कारणाने. या शहरातल्या कारखान्याची घाण ज्या नदीतून वाहत गेली, तिच्या काठी मुस्ल्युमोवो नावाचे एक गाव होते. शेवटचा 'ओवो' हा रशियन प्रत्यय काढून टाकला की उरते ते 'मुस्ल्युम', म्हणजे आपल्याकडचे 'मुस्लिम' हेच नाव तातार उच्चारात. तातार आणि बश्कीर वस्तीचे हे गाव. नकाशावर ते नेहमीच होते. त्याला कोणी पुसले नाही. पुसले नाही म्हणूनच त्याची गोष्ट अधिक अवघड आहे.

उरल पर्वताच्या दक्षिण टोकाला, पूर्वेच्या उतारावर, शेकडो लहानमोठी सरोवरे आहेत. या मुलखातल्या नावांवरून नजर फिरवली तर उर्दू जाणणाऱ्याला थोडे घरच्यासारखे वाटते. एका सरोवराचे नाव किझिलताश. 'किझिल' म्हणजे लाल, 'ताश' म्हणजे दगड. मोगल आणि इराणी इतिहासात आपल्याला भेटणारे 'किझिलबाश', लाल टोपीवाले, ते याच शब्दातले. दुसऱ्या सरोवराचे नाव कराचाय. यातला 'करा' म्हणजे काळा, कराकोरममधला. ही तुर्की कुळातली नावे आहेत, आणि ती ठेवणारे बश्कीर लोक इथले जुने रहिवासी. बगदादच्या खलिफाच्या वकिलातीबरोबर इब्न फदलान ९२१-२२ साली व्होल्गाच्या बल्गारांकडे गेला, तेव्हा वाटेत त्याला बश्कीर भेटले होते आणि त्याने त्यांच्याविषयी लिहूनही ठेवले आहे. तेव्हा ते मुसलमान नव्हते. पुढच्या शतकांत झाले. मॉस्कोचा अंमल या भागावर त्यानंतर कितीतरी काळाने आला.

विसाव्या शतकात या लोकांवर एक वेगळेच संकट आले, तेही सांगायला हवे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तातार आणि बश्कीर भाषांची अरबी लिपी काढून तिथे रोमन लिपी आणली गेली. दहा-बारा वर्षांत तीही काढून रशियनची सिरिलिक आणली. एकाच घरात आजोबा एका लिपीत वाचणार, बाप दुसऱ्या आणि नातू तिसऱ्या. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मशिदी याच काळात बंद झाल्या, आणि मौलवींपैकी अनेक जण तुरुंगात किंवा छावण्यांत गेले. म्हणजे १९४५ साल उजाडले तेव्हा या गावांजवळ स्वतःचे गाऱ्हाणे लिहून मांडायला ना धड लिपी उरली होती, ना त्यांच्या वतीने बोलणारा माणूस.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. त्याच महिन्याच्या २० तारखेला स्टालिनने लावरेन्ती बेरियाच्या हाताखाली एक खास समिती नेमली आणि तिला एकच काम दिले : आपलाही बॉम्ब, लवकरात लवकर. नागासाकीवरचा बॉम्ब प्लुटोनियमचा होता. प्लुटोनियम खाणीत सापडत नाही. अणुभट्टीत युरेनियमपासून तयार करावे लागते आणि मग आम्लात विरघळवून वेगळे काढावे लागते. त्यासाठी भरपूर पाणी हवे, रेल्वे हवी, आणि सरहद्दीपासून लांबची जागा हवी. किश्तिम आणि कास्ली या दोन जुन्या गावांमधला सरोवरांचा प्रदेश या सगळ्याला सोयीचा ठरला. १९४५ च्या हिवाळ्यात तिथे बांधकाम सुरू झाले. बांधणारे होते छावण्यांतले कैदी, बांधकाम-पलटणींतले शिपाई, आणि युद्धकाळात सक्तमजुरीला जुंपलेले रशियातले जर्मनवंशीय नागरिक. इगोर कुर्चातोव्ह हे शास्त्रीय प्रमुख. जून १९४८ मध्ये पहिली अणुभट्टी सुरू झाली, वर्षअखेरीस प्लुटोनियम वेगळे काढणारा रासायनिक कारखाना चालू झाला आणि २९ ऑगस्ट १९४९ रोजी कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्कच्या माळावर पहिला सोव्हिएत बॉम्ब फुटला. तो माळही मुसलमान कझाकांच्या चराऊ कुरणांचा. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

कारखान्याला पुढे 'मायाक' हे नाव पडले. रशियन भाषेत मायाक म्हणजे दीपगृह. 'चिराग तले अंधेरा' ही म्हण आपण शाळेत निबंधासाठी पाठ करून घेतो, तिचे याहून नेमके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

शहराभोवती काटेरी तारेचे दुहेरी कुंपण होते. सुरुवातीची काही वर्षे आत गेलेल्या माणसाला बाहेर पडता येत नसे. नातेवाइकांना तो कुठे आहे हे कळत नसे, आणि घरच्या कोणाच्या मयतीला जाणेही अशक्य असे. ही बंधने १९५० च्या दशकाच्या मध्यावर सैल झाली. मात्र याची किंमत सरकार चुकती करत होते. देशात इतरत्र पावासाठी रांगा असताना या शहरातल्या दुकानांत मांस, लोणी, मिठाई मिळे. पगार जास्त, घरे चांगली, शाळा उत्तम, दिवसाढवळ्या चोरीची भीती नाही. अमेरिकन इतिहासकार केट ब्राउन यांनी २०१३ साली आलेल्या आपल्या 'प्लुटोपिया' या पुस्तकात ओझ्योर्स्क आणि अमेरिकेतील रिचलँड या दोन प्लुटोनियम-नगरांना शेजारी ठेवून पाहिले आहे. त्यांचा मुद्दा मला पटतो. दोन्हीकडच्या रहिवाशांनी सुखवस्तू आयुष्याच्या बदल्यात प्रश्न विचारण्याचा हक्क सोडून दिला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर आता कुंपण काढायचे का, हा प्रश्न निघाला, तेव्हा ओझ्योर्स्कच्या बहुसंख्य रहिवाशांना ते तसेच हवे होते. तुरुंगाची भिंत आणि वाड्याची भिंत यांत आतून फारसा फरक दिसत नसावा.

आतल्या लोकांचेही हाल झाले नाहीत असे नाही. रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्यांत शाळा-तंत्रशाळांतून नुकत्याच आलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. पहिल्या वर्षांत यंत्रे सारखी बिघडत, गळत, आणि प्लुटोनियमची द्रावणे हाताने हाताळली जात. १९४९ साली अँजेलिना गुस्कोवा ही तरुण डॉक्टर तिथे आली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक नवाच आजार ओळखला : थकवा, सांधेदुखी, रक्तातल्या पेशींची घट. आज वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन किरणोत्सर्ग-विकार म्हणते. पण आतल्या कामगाराच्या छातीवर निदान मोजपट्टी लावलेली असे, त्याचे रक्त तपासले जाई, फारच बिघडले तर त्याला दुसऱ्या कामावर बदलले जाई. त्याची कुठेतरी नोंद होती.

नदीकाठी राहणाऱ्यांची नव्हती.

तेचा ही लहानशी नदी या सरोवरांतूनच निघते आणि पूर्वेला वाहत जाऊन इसेत नदीला मिळते. शहर पिण्याचे पाणी घेई ते वरच्या अंगाच्या इर्त्याश सरोवरातून. कारखान्याचे सांडपाणी सोडले जाई ते खाली, तेचात. १९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख घनमीटर किरणोत्सारी पाणी या नदीत सोडले गेले. त्यातील किरणोत्साराचे माप साडेसत्तावीस लाख क्युरी. एक क्युरी म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम शुद्ध रेडियमइतका किरणोत्सार. साडेसत्तावीस लाख ग्रॅम रेडियम जगाच्या पाठीवर कोणीही कधी गोळा केलेले नाही. यातला पंचाण्णव टक्के भाग मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या वीस महिन्यांत गेला. टाक्या अपुऱ्या होत्या आणि घाई फार होती, हे त्याचे साधे कारण. अमेरिकनांनी हॅनफर्डला कोलंबिया नदीत भट्ट्यांचे पाणी सोडले होतेच. पण कोलंबिया ही महानदी, आणि तेचा ओढ्याहून थोडी मोठी.

नदीकाठी चाळीसएक गावे होती. काही रशियन, काही तातार-बश्कीर. बहुतेकांचे पिण्याचे पाणी नदीचेच. गुरे तिथेच पाणी पीत, बदके-हंस तिथेच पोहत, भाजीचे वाफे तिच्याच पाण्यावर, कपडे तिच्याच काठी धुतले जात. मशीद बंद असली तरी घराघरांत बुजुर्ग नमाज पढत होतेच, आणि त्यांचा वजू त्याच पाण्याने होत असणार. या पाण्यात होते स्ट्रॉन्शियम-९० आणि सिझियम-१३७. स्ट्रॉन्शियम हे रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भावंड. शरीराला दोघांतला फरक कळत नाही. ते हाडांत जाऊन बसते, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांत सर्वांत जास्त. एकोणतीस वर्षांनी त्याचे प्रमाण निम्मे होते.

१९५१ च्या उन्हाळ्यात सरकारी पथकाने नदीची तपासणी केली तेव्हा काय झाले आहे हे वर कळले. नदीतले विसर्जन एकदम कमी करण्यात आले, धरणे बांधली गेली आणि तीव्र किरणोत्सारी घाण कराचाय सरोवरात सोडायला सुरुवात झाली. हे काळे सरोवर पुढे पृथ्वीवरचे सर्वांत विषारी ठिकाण म्हणून ओळखले गेले. त्यात साचलेला किरणोत्सार १२ कोटी क्युरींच्या घरात होता. १९६७ च्या वसंतात ते काठाने आटले आणि वाऱ्याने त्याची धूळ आसपासच्या मुलखावर पसरवली. ते पूर्णपणे दगड-काँक्रीटखाली बुजवून व्हायला नोव्हेंबर २०१५ उजाडावे लागले.

नदीकाठच्या लोकांना काय सांगितले गेले? नदीत उतरू नका, एवढेच. काही ठिकाणी तारा घातल्या, पहारेकरी नेमले, विहिरी खणल्या. कारण कोणी सांगितले नाही. कारण सांगायचे तर आधी कारखाना आहे हे सांगावे लागले असते आणि कारखाना तर नव्हताच. आता जिच्या काठी सात पिढ्या जगल्या, त्या स्वच्छ दिसणाऱ्या नदीला हात लावू नका असे परका पोलीस सांगतो, तर कोणती बाई ऐकेल? गुरांना कोण समजावणार? १९५३ पासून गावे हलवायला सुरुवात झाली. कारखान्यापासून सात किलोमीटरवरचे मेत्लिनो हे बाराशे वस्तीचे गाव सर्वांत जास्त पोळलेले. ते हलवले गेले १९५६ मध्ये, घाण सोडणे सुरू झाल्यावर सात वर्षांनी. एकूण साडेसात हजारांच्या आसपास माणसे उठवली गेली. अठ्ठ्याहत्तर किलोमीटरवरचे मुस्ल्युमोवो त्यात नव्हते.

आणि मग आला १९५७ चा २९ सप्टेंबर. रविवार होता. शहरात फुटबॉलचा सामना चालू होता. दुपारी चारच्या सुमारास जमिनीखालच्या एका पोलादी टाकीत, जिची थंड ठेवणारी व्यवस्था बंद पडली होती आणि तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, साठलेली सत्तर-ऐंशी टन किरणोत्सारी घाण तापून फुटली. टाकीवरचे १६० टनांचे काँक्रीटचे झाकण उडाले. हा अणुस्फोट नव्हता, रासायनिक स्फोट होता. सामना पाहणाऱ्यांना वाटले, कुठेतरी बांधकामाचे सुरुंग उडवत असतील. २ कोटी क्युरी बाहेर पडले. त्यातले नव्वद टक्के जागच्या जागी आसपास पडले आणि उरलेले २० लाख ढगात मिसळून वाऱ्यावर निघाले. वारा ईशान्येला होता. शहर वाचले. ढगाने तीनशे किलोमीटर लांबीचा पट्टा रंगवला, ज्यात पावणेतीन लाखांच्या आसपास लोक राहत होते. शहरात घाण शिरली ती कामगारांच्या बुटांवरून आणि बसच्या टायरांवरून. मग रस्ते धुतले गेले.

त्या रात्रींत आकाशात दिसलेल्या तांबड्या-निळ्या प्रकाशाचा खुलासा चेल्याबिन्स्कच्या वर्तमानपत्राने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केला. दक्षिण उरलमध्ये क्वचित दिसणारा ध्रुवप्रकाश, असे त्यात म्हटले होते. या अपघाताला जग 'किश्तिमची दुर्घटना' म्हणते. वास्तविक किश्तिममध्ये काहीच घडले नव्हते. पण ज्या शहरात घडले ते नकाशावर नव्हते, म्हणून बिचाऱ्या शेजारच्या गावाचे नाव बदनाम झाले. आजही अणु-अपघातांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत चेर्नोबिल आणि फुकुशिमा यांच्या खालोखाल याच दुर्घटनेचा क्रम लागतो.

इथे मला वाचकांशी जरा स्पष्ट बोलायचे आहे. ही हकीकत वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न उठेल, माझ्याही उठला : मुसलमान होते म्हणून त्यांना मरू दिले का? उत्तर 'हो' असे झटकन देण्याचा मोह होतो. पुरावा दोन्हीकडे बोट दाखवतो, आणि तो सगळा समोर ठेवला पाहिजे.

स्फोटानंतर पहिल्या आठ-दहा दिवसांत जी तीन गावे रिकामी केली गेली ती बेर्द्यानिश, सात्लिकोवो आणि गालिकायेवो. तिन्ही बश्कीर गावे, अकराशेच्या आसपास माणसे. शिपाई आले, लोकांना आंघोळी घालायला लावून दुसरे कपडे दिले, त्यांची गुरे डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारली, घरे पाडून पुरली. क्रूर होते, पण त्यांचा जीव वाचवण्यासाठी होते, आणि सर्वांत आधी त्यांनाच हलवले गेले. उलट तेचाच्या काठी जी गावे उठवली गेली नाहीत त्यांत मुस्ल्युमोवोबरोबर ब्रोडोकल्माक, रस्काया तेचा आणि निझ्नेपेत्रोपाव्लोव्स्कोये ही गावेही होती. त्यांची नावेच सांगतील की ती काही मुसलमानांची नव्हती; एकीच्या तर नावातच 'रशियन' आहे. मेत्लिनोचे रशियनही सात वर्षे तेच पाणी प्यायले. म्हणजे कारखान्याच्या हिशेबात धर्म हा पहिला रकाना नव्हता. पहिला रकाना होता 'खेडूत'.

पण दुसरी बाजूही आहे. ढगाच्या पट्ट्यात काराबोल्का नावाची दोन गावे होती, एक रशियन, एक तातार. रशियन काराबोल्का हलवले गेले. तातार काराबोल्का जागीच राहिले. पुढे कागदपत्रे खुली झाली तेव्हा तातार काराबोल्काच्या स्थलांतराचा निर्णयही कागदावर झालेला होता असे गावकऱ्यांच्या हाती लागले, आणि तेव्हापासून ते एकच विचारत आले : मग आम्ही इथे कसे? तिथल्या म्हाताऱ्या बाया सांगतात की त्या वर्षी शाळेतल्या मुलांना शेतातले पीक उपटून खड्ड्यांत पुरण्याच्या कामाला लावले होते. शाळेतल्या मुलांना! मी शिक्षिका आहे. मुलांना रांगेत उभे करून, मास्तरांच्या शिट्टीवर, हातांनी ते पीक उपटायला लावले हे वाचताना मला त्या मुलांइतकेच त्या मास्तरांचे दिसले. त्यांना तरी कोणी काय सांगितले होते?

कोणी हेतुपुरस्सर मुसलमानांचे गाव मागे ठेवले, असे सिद्ध करणारा कागद माझ्या वाचनात नाही. पण ज्यांची लिपी दोनदा बदलली, ज्यांच्यात वरपर्यंत ओळख असलेला माणूस नव्हता, त्यांचा निर्णय फायलीत पडून राहिला तर विचारायला कोणी गेले नाही, एवढे मात्र समजते. द्वेषाने जे होते तेवढेच दुर्लक्षानेही होते, आणि दुर्लक्षाला आरोपी सापडत नाही.

१९६२ साली चेल्याबिन्स्कमध्ये या नदीकाठच्या लोकांसाठी एक खास दवाखाना सुरू झाला. त्याचेही नाव असे की कोणाला काही कळू नये : जैवभौतिकी संस्थेची शाखा क्रमांक चार. गाड्या गावात येत, माणसांना घेऊन जात, रक्त काढत, मज्जा काढत, दात तपासत, परत आणून सोडत. कागदावर 'किरणोत्सर्ग' हा शब्द लिहायला डॉक्टरांना मनाई होती. आजाराला सांकेतिक नावे होती. तेचाकाठच्या ९४० लोकांत दीर्घकालीन किरणोत्सर्ग-विकाराचे निदान झाले होते हे जगाला कितीतरी वर्षांनी कळले. त्या ९४० जणांतल्या बहुतेकांना ते कधीच कळले नाही. या नोंदींतूनच पुढे 'तेचा नदी गट' नावाचा अभ्यास उभा राहिला. १९५० पूर्वी जन्मलेल्या, नदीकाठी राहिलेल्या तीसएक हजार लोकांचा हा पाठपुरावा आहे आणि थोड्या-थोड्या किरणोत्सर्गाने दीर्घकाळात काय होते, रक्ताचा आणि इतर अवयवांचा कर्करोग किती वाढतो, याविषयी जगाला जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग या अभ्यासातून आला आहे. गावकरी स्वतःला 'प्रयोगाचे ससे' म्हणत आले. शास्त्रज्ञ हे नाकारतात. आम्ही तर उपचार केले, असे म्हणतात. दोघांचेही खरे असू शकते.

हे सारे बाहेर कसे आले, तो भाग मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून फार आवडतो. झोरेस मेद्वेदेव हे सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ १९७३ पासून लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होते. १९७६ मध्ये त्यांनी एका इंग्रजी विज्ञान साप्ताहिकात जाता जाता लिहिले की उरलमध्ये वीस वर्षांपूर्वी एक प्रचंड अणु-अपघात झाला होता. ही गोष्ट सर्वांना माहीत असेलच, अशी त्यांची समजूत होती. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाचे प्रमुख सर जॉन हिल यांनी ती केराच्या टोपलीत टाकण्याजोगी ठरवली. मग मेद्वेदेवांनी सोव्हिएत शास्त्रीय नियतकालिके उघडली. त्यांत किरणोत्सारी सरोवरांतले मासे, किरणोत्सारी जंगलांतली हरणे आणि पक्षी यांवर डझनावारी निबंध होते. कुठले सरोवर, कुठले जंगल, हे मात्र कुठेच नव्हते. माशांच्या जाती, पक्ष्यांची ये-जा, सरोवराचा आकार आणि स्ट्रॉन्शियमचे प्रमाण यांवरून त्यांनी जागाही शोधली आणि सालही. १९७९ मध्ये त्यांचे पुस्तक आले. दरम्यान अमेरिकन गुप्तहेर खात्याची १९७७ मध्ये खुली झालेली कागदपत्रे सांगत होती की त्या खात्याला अपघाताची माहिती आधीपासून होती. १ मे १९६० रोजी पाडले गेलेले गॅरी पॉवर्सचे विमानही या मुलखावरूनच गेले होते. तरी अमेरिका गप्प राहिली. स्वतःच्याही देशात अशाच टाक्या होत्या, लोक घाबरले असते. सोव्हिएत सरकारने कबुली दिली ती १९८९ मध्ये. म्हणजे मुस्ल्युमोवोच्या बायांना त्यांच्या नदीविषयी खरे कळेपर्यंत चाळीस वर्षे झाली होती, आणि ज्यांच्यापासून लपवायचे म्हणून सारे केले त्या शत्रूला ते सुरुवातीपासून ठाऊक होते.

त्यानंतरचा इतिहास वेगाने सांगता येतो, कारण त्यात नवीन थोडे आहे. १९९३ मध्ये भरपाईचा कायदा झाला. बॉम्बसाठी प्लुटोनियम करणारी शेवटची भट्टी त्याआधीच, १९९० मध्ये, बंद झाली होती. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याचे काम मात्र चालू राहिले. २००१ ते २००४ या काळात कारखान्याची घाण पुन्हा तेचात गेल्याच्या प्रकरणी संचालकावर खटला झाला आणि २००६ मध्ये तो माफी-योजनेत निकाली निघाला. ओझ्योर्स्कच्याच नादेझ्दा कुतेपोवा या महिलेने कुंपणाच्या आत राहून काराबोल्का आणि मुस्ल्युमोवोच्या लोकांची प्रकरणे कोर्टात लढवली. २०१५ मध्ये तिच्या संस्थेवर 'परकीय हस्तक' असा शिक्का बसला आणि तिला मुलांना घेऊन फ्रान्सला जावे लागले. २०१७ च्या शरदात युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ सापडले, तेव्हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मायाककडे बोट दाखवले. रशियाने नाकारले.

मुस्ल्युमोवोचे स्थलांतर अखेर २००६ मध्ये ठरले. सातशेहून अधिक घरे होती. प्रत्येक कुटुंबापुढे दोन वाटा ठेवल्या : दहा लाख रूबल घ्या आणि कुठेही घर बघा, किंवा सरकार बांधेल त्या नव्या वस्तीत जा. नव्या वस्तीचे नाव ठेवले नोवोमुस्ल्युमोवो, नवे मुस्ल्युमोवो. ती बांधली गेली त्याच रेल्वे स्थानकाच्या पलीकडच्या अंगाला, जुन्या गावापासून दोनएक किलोमीटरवर. जुनी घरे पाडली गेली. कब्रस्ताने मात्र हलवता येत नाहीत. ती नदीच्या बाजूलाच राहिली, आणि आपल्या माणसांसाठी फातेहा पढायला जायचे तर रूळ ओलांडून तेचाकडेच जावे लागते.